चौथ्या मजल्यावर उभा राहिलेला नारळ

भुताखेतांवर, कौलावर, दारावरच्या लिंबू-मिरचीवर माझा काडीचा विश्वास नाही. आणि जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्या पाणाड्यांवर तर त्याहून नाही. कारण माझा धंदाच तसा. सेलूला वीस वर्षं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. तालुक्यातल्या विहिरींत न् बोअरमध्ये जेवढ्या मोटारी सोडलेल्या आहेत, त्यातल्या निम्म्या माझ्या हाताखालून गेल्या असतील. पाणाड्यानं छाती ठोकून दाखवलेल्या जागेतून नुसता फुफाटा निघताना मी इतक्यांदा पाहिलंय की, मला दमा कसा झाला नाही हाच खरा अमानवीय अनुभव...

दुसरी गोष्टही आधीच कबूल करतो. मला थोडं वाढवून सांगायची सवय आहे. चुलतभावाच्या लग्नातली जेवणाची पंगत मी सांगता सांगता आमच्या वालूर गावापासून सेलूच्या स्टेशनापर्यंत नेली होती. म्हणून हा मजकूर आधी बायकोला, सुनीताला, वाचायला दिला. ती बँकेत आहे, लाल पेन हातात घेऊनच जन्माला आली. तिनं यातली एक मगर, दोन वादळं आणि एका वॉचमनची बंदूक खोडली. जे खोडलं नाही ते खरं आहे.

तर झालं असं. सुनीताची बढती अकरा वर्षं रखडलेली होती. गेल्या उन्हाळ्यात ती आली, पण पुण्याची ऑर्डर घेऊन. जूनमध्ये हजर व्हायचं. मी म्हटलं, चला! मोटारी काय, पुण्यातही जळतातच. मुलगी ओवी सातवीत जाणार होती, तिची शाळा बदलता येईल. प्रश्न होता आईचा.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची, वालूरला एकटी राहायची. आदल्या वर्षी न्हाणीत पडली तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तिला मागं ठेवणं शक्यच नव्हतं. आणि नेणं त्याहून अवघड, कारण ती एकदा पुण्यात राहून आली होती — माझ्या बहिणीकडं, सोळाव्या मजल्यावर, तीन महिने. तिसऱ्याच दिवशी तिनं सवयीनं खलबत्त्यात मिरचीचा ठेचा कुटला. खालच्या मजल्यावरून फोन आला. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. बहिणीनं बिचारीनं खलबत्ता माळ्यावर टाकला आणि आईपुढं मिक्सर ठेवला. त्या दिवसापासून आईचं बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. परत आणली तेव्हा इतकी हलकी झाली होती की सेलू स्टेशनवर मी तिला एका हातानं गाडीतून उतरवली. (सुनीता म्हणते, दोन्ही हातांनी. बरं, दोन्ही.)

"आई आल्या नाहीत तर मी बढती परत करणार," सुनीता म्हणाली. "आणि यावर मला पुन्हा समजवायला येऊ नका."

आई म्हणाली, "भावजींनी जागा बघू द्या. त्यांनी हो म्हणलं तर येते. न्हाई म्हणलं तर मला बेजार करायचं न्हाई."

भावजी म्हणजे माझे किसनकाका. वडिलांचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, आणि पंचक्रोशीतले नावाजलेले पाणाडे! माझ्या घरातच हा माणूस, आणि माझा त्यावर विश्वास नाही — विचार करा जेवताना काय काय व्हायचं आमच्यात. काका डाव्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालतात. पाणी असलं की नारळ उठून उभा राहतो. मी म्हणायचो, हात हलतो. ते म्हणायचे, "मग तुजा हालव की दत्त्या, तुला कुणी धरलंय?"

आमच्याकडं घराचा पाया खणायच्या आधी पाणाड्या फिरवतात. आमचं वालूरचं घर काकांनीच नेमलेल्या जागी आहे. त्यामुळं आईच्या मनात सरळ हिशेब होता की घर नवं, तर भावजी आधी फिरणार. ते घर चौथ्या मजल्यावर असेल, खाली माती नसून दुसऱ्याचं बेडरूम असेल, हे तिच्या लेखी किरकोळ होतं. आणि आम्ही शहाणीसुरती माणसं! आम्हीही काकांना, नारळासकट, गाडीत बसवून निघालो.

मला स्वतःला कुठलं घर हवं होतं, तेही सांगून टाकतो. बारावा मजला, नवी कोरी सोसायटी, आणि खाली स्विमिंग पूल. फोटो मी आधीच अख्ख्या सेलूला दाखवून ठेवले होते. जिनिंगवाल्या मित्राला तर 'पोहायला ये' असं आमंत्रणही देऊन झालं होतं. मला पोहता येत नाही, पण त्याला कुठं येतं?

गेटवर वॉचमननं काकांची पिशवी उघडली.

"हे काय?"

"नारळ."

"पूजेचा?"

"पाण्याचा," काका म्हणाले.

वॉचमननं तो कानाशी नेऊन हलवून पाहिला. "आहे पाणी," म्हणाला, आणि आत सोडलं.

एजंट मुलगा सुटाबुटातला, एकदम तरतरीत. "सर, व्ह्यू बघा. काका, व्ह्यू बघा ना." काकांनी व्ह्यूकडं पाठ केली, धोतराचा सोगा खोचला आणि नारळ तळहातावर ठेवून हॉलमधून चालू लागले. हॉल, किचन, दोन्ही बेडरूम, बाल्कनी. एजंटनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काका सर्व्हेचे का?" मी म्हटलं, "रिटायर्ड."

नारळ मेल्यासारखा पडून होता. मी म्हटलं काका, निदान खाली पुलाजवळ तरी बघा, तिथं लाखो लिटर पाणी आहे! काका गेले. भर उन्हात, पोहणाऱ्या पोराटोरांच्या देखत, पुलाभोवती एक पूर्ण चक्कर मारली. नारळ ढिम्म.

"ह्ये औषध घालून निजवलेलं पाणी हाय," काका म्हणाले. "चल फुडं."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून पाच घरं झाली. एका ठिकाणी घरमालकीण ओरडली, एका ठिकाणी काकांबरोबर लिफ्टमध्ये अडकलो. (मगर इथं होती. गेली.) एजंटचा तरतरीतपणा उतरला. सुनीता गप्प गप्प झालेली, कारण तिला कळत होतं की काकांचा नारळ जसा पडून राहतोय तशी तिची अकरा वर्षंही आडवी पडतायत. मी तिला म्हटलं, आईला खोटं सांगू, नारळ उठला म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही सांगा. तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?" खरं होतं ते.

सहावं घर एका जुन्या इमारतीत होतं. चौथा मजला, रंग उडालेला, लिफ्ट होती पण कुरकुरणारी. एजंटनं ते केवळ वाटेत होतं म्हणून दाखवलं. शेजारच्या दाराला कुलूप. मी तर बूटसुद्धा काढले नाहीत.

काका किचनमध्ये गेले. ओटा संपतो तिथं एक कोरी भिंत होती. तिच्यासमोर काका थांबले, आणि त्यांच्या डाव्या तळहातावर तो नारळ... उभा राहिला.

मी वीस वर्षं काकांचा हात बघत आलोय, कधी हलतो ते पकडायला. त्या दिवशी मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. हात दगडासारखा स्थिर. नारळ शेंडी वर करून उभा, आणि बारीक थरथरत होता, मोटार चालू असताना पत्रा थरथरतो तसा.

"पाईप असेल भिंतीत," मी म्हणालो.

एजंटनं खालून इमारतीच्या जुन्या प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, या भिंतीत एक पाईप नाही, सगळी लाईन समोरून उतरते. मी स्वतः ठोकून पाहिली. कोरडी, भरीव वीट.

"काका, मग पाणी कुठंय?"

काका डोळे मिटून उभे होते. "लय न्हाई. चार ओंजळी असंल. पर जितं हाय." मग जरा थांबून म्हणाले, "आपल्याकडलं हाय, दत्त्या. काळ्या रानातलं. जरा मचूळ."

"पुण्यात? चौथ्या मजल्यावर? चव सुद्धा कळाली का!"

काका त्या भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "वैनीला सांग, जागा मिळाली."

सुनीतानं एजंटकडं वळून एवढंच म्हटलं, "हेच." माझा स्विमिंग पूल त्या एका शब्दात बुडाला.

जूनमध्ये आम्ही राहायला आलो. आई शब्दाला जागून आली, पण चेहरा असा की जणू तिला पोत्यात घालून आणली होती. सामानातून तिचा खलबत्ता निघाला तर तिनंच तो फडक्यात गुंडाळून ओट्याखाली सरकवला. पहिले आठ दिवस ती किचनमध्ये पाटावर बसून असायची. अर्धी भाकरी, मग पाव, मग नुसता चहा. सुनीता ऑफिसातून आली की आधी आईचं ताट बघायची. सातव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ती मला म्हणाली, "आणखी एक आठवडा. मग मी साहेबांना सांगते, मला परत पाठवा." मी मनातल्या मनात काकांच्या नारळाला अशा शिव्या घातल्या की त्या इथं लिहिल्या तर ही साईट बंद पडेल.

नवव्या दिवशी सकाळी ओवीनं हट्ट धरला. "आजी, ठेचा कर ना, तुझा तो. हे बाजारचं लोणचं मला नको." आईनं टाळलं. पोरगी ऐकेना, तिनं स्वतःच खलबत्ता ओढून काढला. शेवटी आईनं मिरच्या भाजल्या, लसूण सोलला, आणि अगदी चोरासारखी, खाली पोतं अंथरून, कुटायला बसली. त्याच भिंतीजवळ.

दहा-बारा ठोके झाले असतील. पलीकडून भिंतीवर तीनदा थाप पडली.

आईचा हात वरच्या वर थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं... ती नजर मी वाढवून सांगू शकत नाही. बत्ता खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मी म्हणलं होतं न्हवं?"

आणि दारावरची बेल वाजली.

मी माफीची चार वाक्यं जुळवत दार उघडलं. समोर एक बाई. सत्तरीच्या अलीकडच्या, पांढरी साडी, चष्मा, हातात रिकामी वाटी.

"काल रात्रीच आले ओ लेकाकडून, महिना झाला तिकडंच होते," त्या म्हणाल्या. "कोण कुटायलंय ठेचा? वास आला, म्हणून भिंतीवर थाप मारली. म्हणलं जाऊन बघावं तरी, कोण हाय आपल्याकडलं."

आई पाटावरून अशी उठली की तिचे गुडघे दुखतात हे आम्ही सगळे विसरलो.

"कुठल्या ओ तुमी?"

"चारठाण्याच्या. जिंतूरजवळचं चारठाणा. साळवे. शिक्षिका होते, आता रिटायर. आन् तुमी?"

आडनाव ऐकून आई क्षणभर थांबली. खोटं कशाला लिहू... जुन्या वळणाची बाई आहे, थांबली. साळवेबाईंच्याही ते ध्यानात आलं, त्यांनी वाटी जराशी मागं घेतली. तेवढ्यात आई म्हणाली, "मी वालूरची. तिखट किती खाता?"

"रडू येईस्तवर."

"मग बसा. ह्यात अजून चार मिरच्या लागतील."

त्या दिवशी आई दोन भाकरी जेवली. सुनीता ऑफिसातून आली, ताट पाहिलं, आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. (हे तिनं खोडलं होतं. मी परत लिहिलं.)

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही तेच म्हणालो. पुण्यात परभणीकडची माणसं काय कमी आहेत!

पण पुढच्या रविवारी साळवेबाईंच्या मिक्सरची मोटार जळाली आणि मी त्यांच्या किचनमध्ये गेलो. आमच्या त्या कोऱ्या भिंतीच्या पलीकडं त्यांची फळी होती. फळीवर एक छोटी बुद्धमूर्ती आणि मूर्तीशेजारी काचेची जुनी बाटली, बुचाला लाख लावून बंद केलेली. आत पाणी. साधारण चार ओंजळी.

स्क्रू-ड्रायव्हर तिथंच ठेवला. मी घरी जाऊन टेप आणला. आमच्या बाजूनं मोजलं, त्यांच्या बाजूनं मोजलं. आमच्याकडून, जिथं नारळ उठला होता तिथं, खिळा ठोकला असता तर पलीकडं बाटलीलाच टोचला असता. आम्ही घर पाहायला आलो तेव्हा बाई घरी नव्हत्या, दाराला कुलूप होतं. बाटली तेवढी होती.

"हे कसलं पाणी, बाई?"

"आमच्या रानातल्या विहिरीचं," त्या म्हणाल्या. "मला शिक्षिकेची नोकरी लागली, गाव सोडलं, तवा बापानं भरून दिली. जिथं जाशील तिथं ठेव म्हणले. पुढं रान तलावात गेलं. आता तेवढंच हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना, त्या काळी सगळीकडं होतं तसंच, त्यांच्या वस्तीतल्या बायांना दुसऱ्याच्या विहिरीवर कुणी वरून घागरीत ओतेल म्हणून ताटकळावं लागायचं. वडिलांना थोडी जमीन मिळाली, पण पाणी दाखवायला एकही पाणाड्या यायला तयार नव्हता. "मी दहा वर्षांची आसंन. एक दिवस एक पोरगेला माणूस आला. अनवाणी. म्हणला, मी दाखवतो, पर माझ्या घरी सांगू नका. नारळ घेऊन फिरला. आमच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली आन् निघून गेला. नाव इचारलं तर सांगितलं न्हाई. तीस हातांवर पाणी लागलं. त्या पाण्यावर आमी चौघी बहिणी शिकलो ओ." बाईंनी चष्मा पुसला. "जरा मचूळ होतं. पर आपलं होतं."

मी हातातला टेप गुंडाळला. मग विचारलं, "नारळ कुठल्या हातावर धरला होता त्यानं?"

"डाव्या. म्हणून तर ध्यानात हाय. समदे उजव्या हातावर धरतात."

दिवाळीत काका पुण्याला आले. मी त्यांना काहीएक सांगितलं नाही, नुसतं शेजारी चहाला नेलं. बाई किचनमधून बाहेर आल्या. काकांनी सवयीनं डाव्या हातानं कप घेतला. बाई त्या हाताकडं बघत राहिल्या.

"चारठाण्याला आला होता का ओ कधी? पाणी दाखवायला?"

काकांनी कप बशीत ठेवला.

"लागलं होतं का पाणी?" त्यांनी विचारलं.

साठेक वर्षं या माणसानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आपल्या वहिनीलासुद्धा नाही. ते त्यांचं पहिलं काम होतं. बापाच्या धाकानं परत त्या बाजूला फिरकले नव्हते. शेकडो विहिरी दाखवल्या, आणि पहिल्या विहिरीला पाणी लागलं का नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"लागलं," बाई म्हणाल्या. "या, दावते."

काका फळीसमोर उभे राहिले. "मला तवा कुणी इचारीत नव्हतं, बाई. शिकाऊ होतो," म्हणाले. "तुमच्या बापानं भरवसा ठेवला."

आता मी काय केलं ते ऐका. मी मेकॅनिक माणूस, टेस्टिंगशिवाय मला चैन नाही. पळत जाऊन तोच नारळ आणला, काकांच्या हातात दिला. म्हटलं, हा आता बाटलीपासून वीतभर अंतरावर उठलाच पाहिजे. काकांनी तळहातावर आडवा ठेवला. आम्ही सगळे श्वास धरून उभे — आई, सुनीता, ओवी, बाई.

नारळ हलला नाही. कूस बदलली नाही की थरथरला नाही.

"हे कसं काय?" मी ओरडलोच.

काका हसले. "आता कशाला उठल? सापडलं की."

नारळ त्यांनी बाटलीशेजारी फळीवर ठेवला. अजून तिथंच आहे.

माझ्याकडं याचं स्पष्टीकरण नाही. मी भिंत मोजली, पाईप शोधले, काकांचं मनगट धरलं होतं, सगळं तपासून झालं. एका बाटलीतल्या पाण्यानं विटांतून नारळाला हाक कशी मारली, हे मला कुणी विज्ञानानं समजावलं तर मी त्याला सेलूपर्यंत डोक्यावर घेऊन जाईन. (सुनीता: 'खांद्यावर.') नाही समजलं तरी माझी तक्रार नाही. बारावा मजला घेतला असता तर आज पूल असता, आई नसती. हे वाक्य मात्र लाल पेनानं खोडलेलं नाही, खाली रेघ ओढली आहे.

आता हे टाईप करतोय, सकाळचे दहा वाजलेत आणि आईचा बत्ता चालू आहे. तिचं वजन सेलूच्या वेळेपेक्षा इतकं वाढलंय की आता मला खरंच दोन्ही हात लागतील. आत्ताच पलीकडून तीन थापा पडल्या. तीन म्हणजे भाकरी तव्यावर टाकली, ठेचा घेऊन या. आईनं उलट एक थाप दिली — येतेच. मला जरा पायपोस बाजूला करू द्या, नाहीतर तिकडं पळताना आई पडेल.